रॅम्प आहे, पण नववीतलं मूल कुठंय?

शाळेत काम करणाऱ्या कुणालाही विचारा, वर्षातलं सगळ्यात कंटाळवाणं काम कोणतं? यूडायस प्लसची माहिती भरणं, हे उत्तर पहिल्या तिनांत नक्की येईल. वर्गखोल्या किती, नळ किती, संगणक चालू किती आणि बंद किती. याच माहितीत अपंग मुलांविषयीचे काही रकाने येतात. रॅम्प आहे का? रॅम्पला कठडा आहे का? विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी स्वच्छतागृह आहे का? उत्तर होय किंवा नाही. या होय-नाहींची देशभराची बेरीज होते आणि आपल्या शाळा किती ‘समावेशक’ झाल्या ते जाहीर होतं. २०२१-२२ च्या बेरजेनुसार देशातल्या साधारण निम्म्या शाळांत कठड्याचा रॅम्प होता आणि सुमारे २७ टक्के शाळांत असं स्वच्छतागृह होतं.

आकडे कमी आहेत, वाढायला हवेत, असं म्हणून इथं थांबता येईल. बहुतेक लेख थांबतातही. माझी तक्रार जरा वेगळी आहे. समजा, उद्या सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या प्रत्येक हायस्कूलनं या तिन्ही रकान्यांत ‘होय’ भरलं आणि ते खरंच असलं, तरी नववी-दहावीत अपंग मुलं किती टिकतात याबद्दल आपल्याला काहीही कळणार नाही. आपण मोजपट्टी भलत्याच ठिकाणी लावून बसलोय, आणि त्या मोजपट्टीवरच योजना आखतोय.

आधी रॅम्पचंच घ्या. चाकाची खुर्ची एकट्याला चढवता यावी यासाठी उताराचं सर्वमान्य प्रमाण १:१२ आहे. म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. कृष्णाकाठच्या गावात पुराच्या भीतीनं किंवा काळ्या मातीमुळं शाळेचं जोतं दोन फूट उचललेलं असेल, तर चोवीस फूट लांब उतार हवा. तेवढी जागा व्हरांड्यापुढं नसते, मग सात-आठ फुटांत काम उरकतं. कागदावर तो रॅम्पच असतो. प्रत्यक्षात त्यावरून मोटारसायकल ऑफिसच्या दारापर्यंत नेता येते, खुर्ची नेता येत नाही. आणि समजा नेता आली, तर पुढं काय? अनेक हायस्कूलांत मोठे वर्ग आणि प्रयोगशाळा वरच्या मजल्यावर असतात, कारण लहान मुलांना खाली ठेवायचं ही आपली पद्धत. म्हणजे जसजसं मूल मोठं होतं, तसतसा त्याचा वर्ग वर चढत जातो. रॅम्प तळमजल्यावरच राहतो. फॉर्ममध्ये मात्र ‘रॅम्प कुठून कुठपर्यंत जातो’ असा प्रश्न नाही.

पण हे झालं शाळेच्या फाटकाच्या आतलं. खरा घोटाळा फाटकाच्या बाहेर सुरू होतो.

आपल्याकडं जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा वाडी-वस्तीपर्यंत पोचली आहे, ही महाराष्ट्राची मोठी कमाई आहे. ती चौथीपर्यंत असते किंवा सातवीपर्यंत. हायस्कूल मात्र बाजाराच्या गावात असतं, बहुतेक वेळा एखाद्या शिक्षणसंस्थेचं. पाटण किंवा जावळीच्या डोंगरातल्या वाडीवरून खाली उतरायचं, फाट्यावर यायचं, एसटीची वाट बघायची. जत-आटपाडीकडं डोंगर नाहीत, पण वस्त्या इतक्या विखुरलेल्या की घरापासून डांबरी रस्ताच लांब. चालता येणाऱ्या मुलांनाही हा प्रवास जड जातो. ज्याच्या पायात कॅलिपर आहे, ज्याला झटके येतात, ज्याला एकट्यानं रस्ता ओलांडता येत नाही, त्याच्यासाठी चौथी किंवा सातवी हाच शेवट ठरू शकतो. अपंगांना एसटीत ७५ टक्के सवलत आहे. तिकीट स्वस्त होतं. पायरी तेवढीच उंच राहते.

कायद्यातली फट इथंच पडते, ती समजून घेऊ. २००९ चा शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वर्षांसाठी, म्हणजे आठवीपर्यंत. त्याखालच्या राज्याच्या नियमांत शाळा किती अंतरावर हवी तेही ठरलेलं आहे: पाचवीपर्यंत १ किलोमीटर, सहावी ते आठवी ३ किलोमीटर. नववीला असं बंधनकारक अंतर नाही. दुसरीकडं २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे. त्याचं कलम ३१ सांगतं की लक्षणीय, म्हणजे ४० टक्के किंवा जास्त, अपंगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षं मोफत शिक्षणाचा हक्क आहे आणि ते जवळच्या शाळेत घ्यायचं की विशेष शाळेत, ही निवड त्याची आहे. म्हणजे इतर मुलांचा हक्क चौदाव्या वर्षी संपतो तिथं अपंग मुलाचा आणखी चार वर्षं चालू राहतो. वाचायला किती छान आहे हे! फक्त ‘जवळची शाळा’ म्हणजे किती जवळची, हे नववीसाठी कुणी सांगितलेलं नाही.

योजनांचा इतिहास बघितला तरी हेच दिसतं. अपंग मुलांना सर्वसाधारण शाळेत घेण्याची केंद्राची पहिली योजना १९७४ ची. माध्यमिक वर्गांसाठी वेगळी योजना यायला २००९ साल उजाडलं. २०१३ मध्ये ती माध्यमिक शिक्षा अभियानात गेली आणि २०१८ मध्ये समग्र शिक्षात. आज समग्र शिक्षात अशा मुलामागं वर्षाला ३,५०० रुपयांची तरतूद धरली जाते, मुलींना वर महिन्याला २०० रुपये प्रोत्साहन भत्ता, वर्षातले दहा महिने. या ३,५०० मध्ये साहित्य, तपासणी, प्रवास भत्ता, मदतनीस भत्ता असं बरंच काही बसवायचं असतं. सगळी रक्कम नुसत्या प्रवासाला दिली तरी शाळेच्या दहा महिन्यांचे महिन्याला ३५० होतात. तुमच्या गावच्या फाट्यापासून हायस्कूलपर्यंतच्या रिक्षाचं भाडं काय आहे, ते तुम्हीच या आकड्याशेजारी मांडून बघा.

आता संशोधनातल्या एका जुन्या भेदाकडं येते, कारण त्याशिवाय पुढचं नीट सांगता येणार नाही. इंग्रजीत दोन शब्द आहेत, मराठीत आपण त्यांना ‘एकात्म’ शिक्षण आणि ‘समावेशक’ शिक्षण म्हणतो, आणि बऱ्याचदा एकाच अर्थानं वापरतो. एकात्म म्हणजे शाळा आहे तशीच राहणार, मुलानं तिच्यात बसून दाखवायचं. समावेशक म्हणजे मूल आहे तसं आहे, शाळेनं स्वतःत बदल करायचा. १९९४ ला सालामांकात झालेल्या परिषदेनंतर जगभरच्या धोरणांत दुसरा शब्द आला. इंग्लंडमधल्या टोनी बूथ आणि मेल ऐन्स्को यांनी २००० साली शाळांनी स्वतःला तपासावं म्हणून एक प्रश्नावली तयार केली, ‘इंडेक्स फॉर इन्क्लूजन’. तिच्यात रॅम्प आहे, पण इतर खूप प्रश्नांच्या गर्दीत: मुलं एकमेकांना मदत करतात का, शिकवताना सगळी मुलं डोळ्यांपुढं असतात का, शिस्तीच्या नावाखाली कुणाला बाहेर काढलं जातं का. आपल्याकडं भाषा दुसऱ्या शब्दाची आली, मोजमाप पहिल्या शब्दाचंच राहिलं. २०२० च्या धोरणात ‘समावेशक’ आहे, फॉर्ममध्ये कठडा आहे.

या फरकाचा सगळ्यात चांगला नमुना दहावीच्या परीक्षेत बघायला मिळतो. सातारा, सांगली आणि कोल्हापूर हे तिन्ही जिल्हे राज्य मंडळाच्या कोल्हापूर विभागात येतात. मंडळाच्या नियमांत अपंग विद्यार्थ्यांसाठी बऱ्याच गोष्टी आहेत: जादा वेळ, लेखनिक, भाषेच्या विषयांत सूट, वाढीव गुण. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांचा विचार करण्यात महाराष्ट्र इतर राज्यांच्या पुढं होता, १९९० च्या दशकातच. हे श्रेय द्यायलाच हवं. पण या सगळ्याला आपण काय म्हणतो? सवलत. एसटीची सवलत, वीजबिलाची सवलत, तशी परीक्षेची सवलत. कायद्याच्या भाषेत ही हक्काची सोय आहे. विकास कुमार खटल्यात फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं लेखनिक मिळण्यासाठी ४० टक्क्यांची अट लावता येणार नाही असं सांगितलं, कारण वाजवी सोय न देणं हाच भेदभाव आहे. शब्द ‘सवलत’ राहिला की देणाऱ्याचा हात वर राहतो. मग स्टाफरूममध्ये ‘याला फुकटचे मार्क’ असं ऐकू येतं, आणि ते मूल पुढच्या वेळी अर्जच करत नाही.

शिवाय या सवलती जवळजवळ सगळ्या परीक्षेच्या तीन तासांसाठी आहेत. वर्षभराच्या वर्गासाठी काय? ज्याला फळ्यावरचं उतरवून घेता येत नाही त्याला वर्षभर काहीच उतरवता आलेलं नाही. मार्चमध्ये त्याला लेखनिक मिळतो. लेखनिक सांगितलेलं लिहितो. पण सांगण्यासारखं डोक्यात असायला वर्षभर कुणीतरी शिकवायला हवं होतं ना?

आणि काही सवलतींना शेपूट असतं. दहावीच्या बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचं अंकगणित आणि जोडीला एक कार्यानुभवाचा विषय, असा पर्याय अध्ययन अक्षमतेच्या मुलांना दिला गेला. त्यामुळं कितीतरी मुलं दहावी पास झाली, ही चांगलीच गोष्ट. पण अकरावीला गणित लागणारी वाट त्याच दिवशी अरुंद होते. हे मुलाला आणि घरच्यांना अर्ज भरतानाच कुणी सांगतं का? शाळेचं लक्ष निकालावर असतं, घरच्यांचं ‘एकदाची दहावी’ सुटण्यावर. परीक्षेतून सुटका आणि शिकण्यातून सुटका यांतला फरक नंतर कळतो.

अध्ययन अक्षमतेबद्दल आणखी थोडं बोलायलाच हवं, कारण हायस्कूलमध्ये सगळ्यात जास्त न दिसणारा प्रकार हाच. या विषयावरचं महाराष्ट्रातलं बरंचसं वैद्यकीय संशोधन मुंबईतून आलं, सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातल्या डॉ. सुनील कारंडे आणि सहकाऱ्यांचं काम त्यात ठळक आहे. मुलांचं निदान फार उशिरा होतं आणि सोयी दिल्या की दहावीचे गुण सुधारतात, हे त्यांनी दाखवलं. त्याच्या जोरावर पुढची बरीच धोरणं उभी आहेत. पण त्या अभ्यासांतली मुलं प्रामुख्यानं इंग्रजी माध्यमाची होती. इंग्रजीतली डिस्लेक्सिया म्हणजे स्पेलिंग. ‘बी’ आणि ‘डी’ची अदलाबदल. तारे जमीन पर नंतर आपल्या सगळ्यांच्या डोक्यात तेच चित्र बसलंय.

मराठीत वाचणाऱ्या मुलाचं दुखणं वेगळं दिसतं. आपल्या लिपीत अक्षर आणि उच्चार बऱ्यापैकी जुळतात, त्यामुळं मूल अडखळत का होईना, वाचून जातं. पण चिन्हांची संख्या मोठी आहे: बाराखडी, जोडाक्षरं, रफार, ऱ्हस्व-दीर्घ. सोनाली नाग यांनी कन्नड वाचायला शिकणाऱ्या मुलांवर केलेल्या कामातून दिसलं की अक्षरलिपीतली सगळी चिन्हं पक्की व्हायला इंग्रजी वर्णमालेपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो, चौथी-पाचवीपर्यंत. कन्नड इथं मुद्दाम सांगतेय. जतच्या काही गावांत मुलं कन्नडमधूनच शिकतात, आणि कन्नड काय, देवनागरी काय, दोन्हींची घडण एकच. म्हणजे ‘हळू वाचतो’ हे आपल्याकडं दुसरीत लक्षण ठरत नाही, सहावीत ठरू शकतं. तोपर्यंत त्याच्यावर ‘ढ’ हा शिक्का बसलेला असतो. (हा शिक्कासुद्धा एका अक्षराचाच, गंमत बघा.) मराठीत चाचण्या नाहीत असंही नाही. राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राची ‘डाली’ ही चाचणी २०१५ पासून मराठीत आणि कन्नडमध्येही आहे. चाचणी तयार असणं आणि ती पाटणच्या एखाद्या हायस्कूलात वापरली जाणं यांच्यामध्ये ती चालवू शकणारा प्रशिक्षित माणूस लागतो, आणि गाडी तिथं अडते. ऑक्टोबर २०२१ मध्ये रजनीश कुमार पांडे खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं प्रमाण सांगितलं: प्राथमिकला दहा मुलांमागं एक विशेष शिक्षक, वरच्या वर्गांना पंधरांमागं एक. आपल्याकडं विशेष शिक्षक बराच काळ नेमला जायचा तो शाळेला नव्हे, गट साधन केंद्राला. शाळाशाळांतून फिरणारा हा माणूस एखाद्या शाळेत ज्या दिवशी जातो त्या दिवशी तिथं समावेशक शिक्षण होतं, असं म्हणायचं का?

निकालाच्या दिवशी मात्र चित्र बदलतं. ‘जिद्दीला सलाम’, ‘अपंगत्वावर मात’. पानभर फोटो. आपले दोन जिल्हे तर या बाबतीत श्रीमंत आहेत. १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिंपिकमध्ये जलतरणात सुवर्णपदक मिळवणारे मुरलीकांत पेटकर सांगली जिल्ह्यातले. २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये गोळाफेकीत १६.३२ मीटरची फेक करून रौप्य मिळवणारे सचिन खिलारी आटपाडी तालुक्यातल्या करगणीचे. खिलारींच्या हाताला इजा झाली ती शाळकरी वयात. या दोघांचा अभिमान मलाही आहे, आणि तो त्यांच्या फेकीचा आणि पोहण्याचा आहे. पण शाळेत त्यांची गोष्ट सांगून झाल्यावर ‘बघा, जिद्द असली की सगळं होतं’ असं म्हटलं जातं तेव्हा मला थांबवावंसं वाटतं. कारण त्या वाक्याची दुसरी बाजू अशी: ज्याचं नाही झालं, त्याच्यात जिद्द नव्हती. ऑस्ट्रेलियाच्या स्टेला यंग या स्वतः चाकाच्या खुर्चीवरच्या पत्रकार. २०१४ च्या एका भाषणात त्यांनी या प्रकाराची चांगलीच टर उडवली होती. त्यांचा मुद्दा साधा होता, जिन्याकडं बघून कितीही हसलं तरी त्याचा रॅम्प होत नाही. आपल्या वर्तमानपत्रांतल्या बातम्यांत एक गोष्ट कधीच नसते: त्या मुलाला शाळेनं काय दिलं? आईनं पाठीवर बसवून नेलं हे असतं. आईनं का न्यावं लागलं हे नसतं.

याला पर्याय म्हणून परदेशी उदाहरणं देण्याची आपल्याला सवय आहे. मला वाटतं, साताऱ्याला ते शोधायला बाहेर जायची गरज नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काल्यात रयत शिक्षण संस्था सुरू केली, १९२४ ला साताऱ्यात छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस काढलं. सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला जेवणारं ते वसतिगृह. कर्मवीरांना जे कळलं होतं ते आजच्या फॉर्ममध्ये नाही: शाळेचं दार उघडं ठेवून भागत नाही. दारापर्यंत पोचलेल्या पोराला भाकरी, अंथरूण आणि दिव्याचं तेल लागतं. शाळा लांब असेल तर पोराला तिच्याजवळ राहायला जागा द्यायची. १९४० ला साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल निघालं ते याच विचारानं, मोफत आणि निवासी. अंतराचा प्रश्न त्यांनी वसतिगृहानं सोडवला, आणि आज अपंग मुलांच्या माध्यमिक शिक्षणाचा निम्मा प्रश्न अंतराचाच आहे.

पण याच वारशात एक अडचणही आहे, आणि ती झाकून ठेवणं बरं नव्हे. रयतेचं ब्रीद आहे ‘स्वावलंबी शिक्षण’. कमवा आणि शिका. गरीब बहुजन पोरासाठी ते मुक्तीचं सूत्र होतं: कुणाच्या उपकारावर शिकायचं नाही, अंगमेहनतीवर शिकायचं. ज्याच्या अंगाला ती मेहनत झेपत नाही, त्यानं काय करायचं? आपल्या भागात ‘स्वतःचं स्वतः करणं’ हा फार मोठा गुण मानला जातो. त्यामुळं ज्याला शू करायला जाताना मदत लागते, ज्याला वही कुणीतरी वाचून दाखवावी लागते, ते मूल नकळत कमी प्रतीचं ठरतं. गंमत म्हणजे अपंगत्वाच्या ओळखपत्राच्या सरकारी संकेतस्थळाचं नावही ‘स्वावलंबन कार्ड’. मदत मागायला जायचं आणि कार्डावर स्वावलंबन! मला वाटतं भाऊरावांच्या शब्दाचा अर्थ थोडा ताणून घ्यायला हरकत नाही. त्यांच्या वसतिगृहात कुणीच एकटा स्वावलंबी नव्हता. पोरं एकत्र स्वयंपाक करत, एकत्र शेतात राबत. तो गटाचा स्वावलंबीपणा होता. त्या गटात चाकाच्या खुर्चीवरच्या पोराचं काम भाजी निवडण्याचं किंवा हिशेब लिहिण्याचं असू शकलं असतं.

हे अगदीच स्वप्नरंजन नाही. शेजारच्या कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था उभी केली. ‘चाकाची खुर्ची’ हे त्यांचं आत्मकथन तुम्ही वाचलं असेल, नसेल तर वाचा. कॉलेजच्या वयात शरीर अधू झालेल्या मुलीला शिकताना काय काय आडवं येतं ते त्यात आहे. त्यांनी उचगावला अपंग मुलांसाठी वसतिगृह केलं आणि तिथंच शाळा काढली. शाळा फक्त अपंगांची ठेवली नाही, आसपासच्या इतर मुलांनाही घेतलं. हा उलटा समावेश मला फार महत्त्वाचा वाटतो: इमारत, स्वच्छतागृह, बस हे सगळं आधी अपंग मुलांच्या मापानं बांधलं आणि मग बाकीच्यांना आत बोलावलं. चालणाऱ्या मुलाला रॅम्पचा काहीच त्रास होत नाही.

इथं एक आक्षेप येतो आणि तो गांभीर्यानं घ्यायला हवा. सगळ्यांना एकाच शाळेत आणणं सगळ्यांच्या भल्याचं आहे का? कर्णबधिर मुलांचे पालक आणि खुद्द बधिर समाजातले लोक याबद्दल साशंक असतात. तीस मुलांच्या वर्गात एकच बधिर मूल, खुणांची भाषा ना शिक्षकाला येते ना मित्रांना. ते मूल ‘समाविष्ट’ आहे आणि दिवसभर एकटं आहे. विशेष शाळेत त्याला भाषा मिळते, दोस्त मिळतात, भांडायला माणसं मिळतात. अमेरिकी कायदेतज्ज्ञ मार्था मिनो यांनी याला वेगळेपणाचा पेच म्हटलं: वेगळं वागवलं तरी शिक्का बसतो, सारखं वागवलं तरी गरज दुर्लक्षली जाते. त्यामुळं ‘विशेष शाळा बंद करा’ या घोषणेत मी नाही. कलम ३१ नं निवड मुलाकडं दिली आहे ते योग्यच आहे. पण निवड म्हणायची तर दोन्हीकडं दार हवं, आणि मध्ये ये-जा हवी. आपल्याकडं विशेष शाळा दिव्यांग कल्याण विभागाकडं, जो २०२२ मध्ये स्वतंत्र झाला, आणि बाकीच्या शाळा शालेय शिक्षण विभागाकडं. विशेष शाळेतल्या शिक्षकानं आठवड्यातून एकदा शेजारच्या हायस्कूलात जाऊन खुणांची भाषा शिकवावी, इतकी साधी गोष्ट दोन खात्यांच्या मध्ये अडकते. मुक्त विद्यालयात, म्हणजे एनआयओएसमध्ये, भारतीय सांकेतिक भाषा २०२१ पासून माध्यमिक स्तरावर विषय म्हणून घेता येते. ऐकू येणाऱ्या मुलांनीही घ्यायला काय हरकत आहे? हिंदी-संस्कृतच्या जोडीला तिसरा पर्याय म्हणून?

तर पुन्हा मोजपट्टीकडं. युनेस्को आणि टिसनं २०१९ मध्ये भारतातल्या अपंग मुलांच्या शिक्षणाचा अहवाल काढला होता. २०११ च्या जनगणनेच्या आधारे त्यात म्हटलं होतं की ५ ते १९ वयाच्या अपंग मुलांपैकी साधारण एक चतुर्थांश कुठल्याच शिक्षणसंस्थेत जात नाहीत, आणि वरच्या प्रत्येक टप्प्यावर पटावरची संख्या ठळकपणे घटते. हे देशाचं झालं. आपल्या तालुक्याचं कसं कळणार?

कळू शकतं, आणि त्यासाठी नवा सर्व्हे काढायची गरज नाही. जुन्या पद्धतीत शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘शाळा सोडण्याचे कारण’ असा रकाना असतो. त्यात नव्वद वेळा ‘पुढील शिक्षणासाठी’ किंवा ‘पालकांच्या विनंतीवरून’ लिहिलेलं सापडेल. मूल पुढं खरंच शिकलं का, हे त्या दाखल्याला माहीत नसतं. नववीत ‘याला झेपणार नाही, १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसवा’ असा सल्ला मिळालेलं मूलही ‘पालकांच्या विनंतीवरून’च जातं, शाळेचा शंभर टक्के निकाल त्यामुळं शाबूत राहतो. पण २०२२-२३ पासून यूडायस प्लस शाळेऐवजी एकेका विद्यार्थ्याची नोंद ठेवू लागलं. प्रत्येक मुलाला क्रमांक आहे, त्याच्या नोंदीत अपंगत्वाचा प्रकार आहे. एका शाळेनं सोडलेलं आणि दुसऱ्या शाळेनं अजून न घेतलेलं मूल पोर्टलवर ‘ड्रॉपबॉक्स’मध्ये पडून राहतं. शाळेतले क्लार्क या शब्दानं वैतागलेले असतात, कारण वरून ‘ड्रॉपबॉक्स शून्य करा’ असे निरोप येतात.

तुम्ही शाळा व्यवस्थापन समितीत असाल, केंद्रप्रमुख असाल, पत्रकार असाल, किंवा माहिती अधिकाराचा अर्ज लिहिता येणारे कुणीही असाल, तर नावं न मागता एवढंच विचारून बघा: आपल्या तालुक्यातून गेल्या वर्षी अपंगत्वाची नोंद असलेली किती मुलं आठवी पास झाली, यंदा त्यांतली किती कुठल्याही शाळेच्या नववीत आहेत, आणि किती अजून ड्रॉपबॉक्समध्ये आहेत. उत्तर मिळालं तर मला कळवा. जत आणि पाटणचं आधी.